अकराच्या आत

उघडीला सहा फळ्या आहेत. किंजळाच्या लाकडाच्या, जाड, आणि भिजल्या की एकेक फळी एका माणसाला झेपत नाही. उघडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार: चिऱ्याचे दोन खांब, त्यांना खाचा. भरती चढायच्या आधी फळ्या एकावर एक त्या खाचांत सोडायच्या, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की त्या काढायच्या, म्हणजे शेतात साठलेलं पावसाचं पाणी बाहेर जातं. दिवसातून दोनदा टाकायच्या, दोनदा काढायच्या. वीस वर्षं हे काम बाबांनी केलं.

बाबा शिमग्याच्या आठ दिवस आधी गेले. उन्हाळ्यात फळ्या खाचांत बसवूनच ठेवतात, त्यामुळे तेव्हा त्यांचा विचार कुणाच्या मनात आला नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि आई कुणाला न विचारता, न सांगता उघडीवर जायला लागली. मी रत्नागिरीत असते, कॉलेजच्या ग्रंथालयात. फोनवर ती "बरी आहे" म्हणायची. जुलैत घरी आले तेव्हा तिला वेणी घालता येत नव्हती. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी पंधरा दिवसांची रजा टाकली आणि तिच्याबरोबर फळ्या ओढू लागले. आठवड्यात माझ्याही तळव्यांची सालं निघाली.

रजा सोमवारी संपणार होती. त्याच्या आदल्या दिवशी आषाढी पुनव, म्हणजे वाडीची सभा. बांधाच्या आत बावीस घरांची जमीन आहे. त्या बावीस घरांनी फळ्यांच्या पाळ्या लावून घ्याव्यात, एवढंच मला त्या सभेतून मिळवायचं होतं. नाहीतर सोमवारपासून आई एकटी.

गुरुवारी मी केरूनानांकडे गेले. ते गावकीचे प्रमुख. पडवीत बसून छत्रीचं कापड काडीला शिवत होते.

"काय गो राजी, रजा संपली नाय तुजी?"

"सोमवारी संपते. नाना, सभेत मला फळ्यांच्या पाळ्यांबद्दल बोलायचंय."

"बोल की. आयकतो."

"आता नाही. सभेत, सगळ्यांसमोर."

त्यांनी दातांनी दोरा तोडला. "सभेत घरटी एक माणूस बसतो."

"आमच्या घरची मी आहे की."

"माणूस म्हनतोय मी."

मग त्यांनीच तोड काढली. "विनीत खय हाय सध्या?"

"बोटीवर. ब्राझीलच्या बाजूला."

"मगे फोन लाव त्येला. आवाज मोठा कर. आमी आयकू."

विनीत माझा धाकटा भाऊ. बारा वर्षं बोटीवर आहे आणि बारा वर्षांत त्याने फळीला हात लावलेला नाही. "तिकडे तेव्हा मध्यरात्र असेल," एवढंच मी म्हणाले.

आतून नानांच्या बायकोचा, मालनकाकींचा आवाज आला, "बोलू दे की ओ तिला. शाळेत असताना भाषणात बक्षिसा आणायची ती."

नानांनी छत्री उघडून पाहिली, मिटली. "बरं. विनीतच्या वतीनं म्हनून बोल. पन थोडक्यात. तुज्या बापसासारखा नको. दर साली उबा ऱ्हायचा, अर्धा बोलायचा नि मदीच रुसून उठून जायचा. सभेचा काय मान ठेवायची रीत हाय का नाय?"

हे मला नवीन नव्हतं. आमच्या वाडीत कुणाच्या कुंपणाचा दगडी गडगा अर्ध्यावर राहिला, कुणाचं लग्न ठरता ठरता राहिलं, की लोक बाबांच्या नावाने म्हणतात, विठूचं भाषण झालं. शाळेत असताना मला हे ऐकून मेल्यासारखं व्हायचं. घरी येऊन मी बाबांना म्हणायचे, तुम्ही पूर्ण बोलत का नाही? ते म्हणायचे, "बोललो की. जेवढं बोलायचं तेवढं बोललो."

भाषणाची तयारी मी त्यांच्या वहीपासून सुरू केली. दोनशे पानी वही, ट्रंकेत कोयतीच्या पात्याखाली ठेवलेली. दरवर्षीच्या सभेचं भाषण त्यात होतं, वर तारीख, खाली "सभासद बंधूंनो". अक्षर चांगलं होतं. मुद्देही चुकीचे नव्हते. पण प्रत्येक भाषण दीड पान चालायचं आणि थांबायचं. बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: "आता विहिरींचे म्हणाल तर". पुढे कोरं. मग पुढच्या वर्षीची तारीख. वीस तारखा, वीस अर्धी भाषणं. मी वही मिटली, पुन्हा उघडली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, पण दोन दिवस मी तेच करत होते. एवढा चांगला मुद्दा, आणि पुरा लिहायचा कंटाळा?

मी नीट आखणी केली. आधी असं काही बोलायचं ज्याला कुणी नाही म्हणणार नाही. मग भात. मग माणसं आणि दिवस: बावीस घरं, म्हणजे प्रत्येक घराला बावीस दिवसांतून एक दिवस. आणि शेवटी विहिरी. एकदा खारं पाणी आत मुरलं की वाडीतल्या विहिरी मचूळ होतात. मग ज्यांनी शेत पड टाकलंय त्यांनाही ते प्यावं लागतं. सर्वांत जड मुद्दा शेवटी ठेवावा, हे मी पुष्कळ ठिकाणी वाचलं होतं. बोलताना एकेका चेहऱ्याकडे बघावं, हेही वाचलं होतं.

विनीतने फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला, मागे इंजिनाची घरघर. "ताई, पहिलं सगळ्यांना थँक्यू बोल. मग पप्पांचं नाव घे नि जरा गप ऱ्हा. बघ, रडतील सगळे. मग लगेच पाळ्यांचं काढ."

मी त्याला "बरं" असं लिहून पाठवलं आणि कागदावर वरच्या कोपऱ्यात माझ्यासाठी लिहिलं: बाबांचं नाव नाही. त्यांचा मुद्दा करायचा नव्हता मला.

शनिवारी संध्याकाळी मी आईला भाषण वाचून दाखवलं. ती चुलीजवळ बसून फडक्यात गरम मीठ बांधून खांदा शेकत होती. मधून मधून हूं म्हणत होती. वाचून झालं.

"कसं वाटलं?"

"बरं हाय."

"बरं म्हणजे?"

"येवढा बोलंस्तवर भरती येल नि जाईल."

"मग कुठे कमी करू ते सांग ना."

"मला काय इचारतस. तुजे बाबा पन मलाच इचारायचे."

"तू काय सांगायचीस त्यांना?"

तिने पुरचुंडी तव्यावर टेकवली. "पयला इहिरीचा सांगा म्हनायची. कोन आयकतो माजा."

मी तिला समजावलं, की जड मुद्दा शेवटी असतो. ती हूं म्हणाली.

राहिला प्रश्न रविवारच्या फळ्यांचा. पुनवेला भरती बाराला भरते, फळ्या अकराच्या आत पडायला लागतात. मी सभेत असणार आणि आईला मी उघडीवर जाऊ देणार नव्हते. सोनू आमच्या शेजारचा, मिरजोळ्याला कंपनीत जातो, रविवारी घरी असतो. त्याला मी शुक्रवारी सांगितलं, शनिवारी सांगितलं, रविवारी सकाळी तो दात घासत असताना पुन्हा सांगितलं.

"टाकतो ना ताई," तो तोंडातला फेस सांभाळत म्हणाला. "सा फळ्या तर हायत. काय त्यात?"

आईला म्हणाले, "आज तू सभेला चल. बाहेर पायरीवर बस. उघडीकडे जायचं नाही."

"बरं," आई म्हणाली.

सभा दहाला होती. पावणेअकरापर्यंत सतरंजीवरून वाद चालला होता, की गेल्या वर्षी ती धुवायला कुणी नेली आणि आणताना तिला भोक कसं पडलं. बाहेर पाऊस थांबून थांबून येत होता. पुरुष देवळात सतरंजीवर, बायका बाहेरच्या पायरीवर, डोक्यावर पदर नाहीतर प्लॅस्टिक. मग नानांनी हजेरी घेतली. एकेका घराचं नाव, आणि आतून "हाय". ज्या घरचा माणूस नसेल त्या घरावर देवाला एक नारळ दंड पडतो. आमच्या घरापाशी नाना अडखळले.

"विठू... म्हंजे विनीत. विनीतच्या वतीनं त्येची भैन हाय. ती दोन शब्द बोलंल."

मी उभी राहिले. कागद हातात होता, पण बघावा लागला नाही. हा बांध आपल्या आज्या-पणज्यांनी डोक्यावर चिखल वाहून घातला, इथून सुरुवात केली. दोन-तीन माना हलल्या. मग भाताकडे वळले.

पुढच्या रांगेत पेंगत बसलेले धोंडूकाका डोळे न उघडता म्हणाले, "उघडीला लागून शेत कोनाचा? तुमचा. मगे फळ्या कोनी टाकायच्या?"

"काका, पाणी आमच्या शेतात थांबत नाही. सात वर्षांपूर्वी बांध फुटला तेव्हा ते तुमच्या खळ्यापर्यंत आलं होतं."

"तवा बांध फुटला व्हता. आता कुटं फुटलाय?"

कोणी तरी हसलं. मागून दुसरा म्हणाला, "आमची शेती पड हाय. खारा येव दे नायतर गोडा."

"पडीचंच सांगते आहे, दोन मिनिटं थांबा. शेवटी त्याच्यावरच येणार आहे."

"मगे शेवट पयला सांग, आमी मोकळे."

पुन्हा हसणं. पण या वेळी मी थांबले नाही. माणसं आणि दिवस मांडले. बावीस दिवसांतून एक दिवस. बाहेरगावी असाल तर शेजाऱ्याशी पाळी बदला. एकट्या म्हाताऱ्या माणसाचं घर असेल तर ते सोडून द्या, बाकीचे वाटून घेऊ. मला जाणवलं की बडबड कमी झालीय. नाना बोटांच्या पेरांवर काही मोजत होते. धोंडूकाकांनी डोळे उघडले होते. जमतंय, असं मला वाटलं. आता विहिरी. मी ठरवल्याप्रमाणे एकेका चेहऱ्याकडे बघत निघाले, पुढच्या रांगेपासून मागे.

मागच्या खांबाला टेकून सोनू बसला होता. तळहातावर तंबाखू मळत होता.

"सोनू, तू इथे?"

त्याने मान वर केली. "हजेरी होती ना ताई."

"फळ्या टाकल्यास?"

"सभा सुटली की जातो ना. घरटी माणूस पायजे. नायतर नारळ पडतो."

मी पायरीकडे बघितलं. मालनकाकी होत्या, बाकीच्या बायका होत्या. आईच्या जागेवर पाण्याचं थारोळं होतं.

"आई कुठे?"

"ती मगाशीच गेली गो," मालनकाकी म्हणाल्या. "सोनू आत बसलेला दिसला नि उठली. मी म्हनली तिला, राजीला सांग. तर म्हनते, बोलू दे तिला, चांगला बोलते हाय."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी निघाले. कुणाची परवानगी घेतली नाही, नमस्कार केला नाही. मागून आवाज आला, "घ्या! गेली! विठूचा भाषण!" आणि सगळं देऊळ हसलं. अगदी मोकळं, पोट धरून हसणं. वाईट मनाचं नव्हतं ते.

पाखाडीच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. चप्पल हातात घेऊन उतरत होते आणि मधल्या वळणावर मला ती वही आठवली. दीड पान. दरवर्षी दीडच पान. सभा पुनवेला, आणि पुनवेला अकरा. बाबा रुसून उठत नव्हते. तेवढंच बोलून व्हायचं म्हणून तेवढंच लिहीत होते. आणि हे वीस वर्षांत त्यांनी एका माणसाला सांगितलं नाही. "फळ्या टाकून येतो" एवढे तीन शब्द म्हणायला काय झालं होतं? सभा पुनवेला नको, पंचमीला घ्या, हे तरी म्हणायचं. मला त्यांचा इतका राग आला की शेवटच्या चार पायऱ्या मी घसरतच उतरले आणि कोपर फुटलं.

आई कमरेएवढ्या पाण्यात होती. दोन फळ्या खाली बसल्या होत्या. तिसरी खाचेत तिरकी अडकली होती आणि खाडी तिच्यावरून आत येत होती. गढूळ, जोरात, आवाज करत. आई डाव्या खांद्याने फळी रेटत होती, उजवा हात अंगाशी धरलेला.

"सांगितलं होतं ना तुला!" मी ओरडले.

"तू कशाला आलीस? झाला बोलून?"

"बाजूला हो."

"बाजूला झाली तर फळी सुटंल. त्या अंगाला जा, कडी वर खेच."

मी उतरले. पाणी गार नव्हतं, कोमट होतं. कडीत बोटं घातली आणि खेचलं, पण फळी हलली नाही. पुन्हा खेचलं. कोपर झोंबत होतं. दोघी एकमेकींवर खेकसत होतो, वर, तुझ्याकडून, अगं तुझ्याकडून. तेवढ्यात बांधावर छत्री दिसली.

"सभा मोडून जायचा म्हंजे काय?" नाना धापा टाकत होते. "ठराव मांडलास तर पुरा करायचा. बावीस घरा तितं बसलीत. तुज्या बापसाला मी हजारदा..."

"नाना, फळी धरा."

"आधी मी काय म्हनतोय ते आयक..."

"फळी धरा आधी!"

मी त्यांच्याशी त्या आवाजात कधी बोलले नव्हते. नानांनी छत्री मिटली, बघितलं, ठेवायला कोरडी जागा नव्हती म्हणून ती गडग्याच्या भोकात खोचली, लेंगा वर खोचला आणि उतरले. "कुनी शिकवली ही अशी तिरकी टाकायला," असं पुटपुटत त्यांनी फळीच्या टोकावर पाय दिला. फळी करकरली आणि बसली. तोवर सोनू आणि आणखी चार-पाच जण बांधावर पोचले होते. ते गंमत बघायला आले होते; उभं राहून सल्ले देऊ लागले. नानांनी त्यांना एक शिवी घातली, तेव्हा दोघे उतरले. चौथी, पाचवी, सहावी. पाणी फळ्यांच्या बाहेर चढत गेलं आणि आतलं थांबलं.

खालची दोन खाचरं गेली होती. नऊ दिवसांची लावणी, रोपांची नुसती टोकं वर. आई त्यांच्याकडे बघत पदर पिळत होती.

नाना बांधावर बसले. पिंढऱ्यांवर चिखल. "हां," ते मला म्हणाले, "बोल आता. किती ऱ्हायलाय तुजा?"

माझा कागद कमरेला खोचलेला होता. काढला तर लगदा. मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली.

"नाना, ह्या पान्याची वाट बगितलीत? आमच्या खाचरांतून तुमच्या इहिरीकडं जातो पाट. सात वर्सांमागं मालननं आमच्याकडनं चार म्हयने पानी नेला चायसाठी. इसरलात?"

नाना पिंढरीवरचा चिखल खरवडू लागले. सोनू बोलला. "चला, म्हंजे झाला ना आता? सुटलो."

"झाला कसा?" आई म्हणाली. "चाराला काढायच्या."

"काढायच्या पन?"

"मगे पावसाचा पानी काय उडून जाईल? चाराला काढायच्या, रात्री परत टाकायच्या, पाटं परत काढायच्या."

खाडीवर पावसाची सर सरकत येताना दिसत होती, पण कुणी उठत नव्हतं. सोनूने हात धुतले, पुन्हा धुतले. मी पाळ्यांचं काढणार होते, शब्द तोंडात होते. आईने माझ्याकडे बघून मान हलवली, नको अशी.

नानांनी गडग्यातून छत्री उपसली. तिची शिवलेली काडी पुन्हा सुटली होती. "आज धरून बावीस दिस," ते त्या काडीला सांगावं तसं म्हणाले. "सोन्या, यादी आन देवळातली. आजचा घर माजा." मग मला म्हणाले, "चाराला येतो. पन भाषान करू नको."

घरी जाऊन आम्ही कपडे बदलले, भात खाल्ला. साडेतीनलाच आई उठली. मी तिच्याबरोबर गेले. पाणी उतरलं होतं, आत पावसाचं पाणी तुंबलं होतं, फळ्या काढायची वेळ झाली होती. चार वाजले. बांधावर कुणी नव्हतं. सव्वाचार झाले. आई दोनदा उठायला गेली.

"रोपा कुजतील गो."

"कुजू दे."

"मी येक फळी काढते. येकच."

"बस."

नाना पावणेपाचला आले, नवी छत्री घेऊन, झोपेतून उठल्यासारखे. तोवर आम्ही एकही फळी काढली नव्हती. मी आईचा डावा हात माझ्या मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.